ट्रांटर सरांची बारा कलमं

हॉवर्ड ट्रांटरने सोळा वर्षांत साधारण तीनशे चित्रपटांच्या सुरुवाती पाहिल्या आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. यात त्याचा काही दोष नव्हता. आमच्या कॉलेजात जी सोळा-सतरा वर्षांची मुलं माध्यम हा विषय घेतात, त्यांना पहिल्या वर्षी एका चित्रपटाची पहिली दोन मिनिटं बनवावी लागतात. पुढचा चित्रपट अस्तित्वातच नसतो आणि तो असावा अशी परीक्षा मंडळाचीही अपेक्षा नसते. कुठल्या प्रकारचा चित्रपट करणार असं विचारलं की दहातली नऊ मुलं सांगतात, मानसिक थरारपट. कारण त्याला घोडे लागत नाहीत, गाड्या जाळाव्या लागत नाहीत, आणि एकमेकांवर प्रेम असल्याचं सोंग करायला तयार असणारी दोन मुलं शोधावी लागत नाहीत. एक घर, एक माणूस आणि त्या माणसाचं फिरलेलं डोकं एवढ्यावर भागतं. आमच्या स्टोक शहरात या तिन्ही गोष्टींची कधीच टंचाई नव्हती.

हॉवर्ड मुळात इंग्रजीचा शिक्षक. शहाण्णव साली माध्यम हा विषय कॉलेजात नव्याने आला, तेव्हा प्रिन्सिपलने स्टाफरूममध्ये विचारलं, हा कोण शिकवणार? त्या वेळी हॉवर्ड बाथरूमला गेला होता. परत आला तो विभागप्रमुख होऊनच. विभागात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे प्रमुख होण्याचा त्रास फारसा झाला नाही. शिवाय लीड्सला शिकत असताना त्याने स्वतः एक चार मिनिटांची फिल्म सुरू केली होती. ती पुढे गेली नाही. पण या कामाला लागणारा अनुभव नेमका तेवढाच होता.

सत्त्याण्णव साली त्याने बारा कलमं टाइप केली, प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतली आणि वर्गात फळ्याशेजारी लावली. मानसिक थरारपटाचे संकेत. पहिलं: गळणारा नळ. दुसरं: आरसा, शक्यतो तडकलेला. तिसरं: भिंतीवर टाचलेले फोटो, त्यांतल्या माणसांचे डोळे खरवडलेले. चौथं: हातमोजे घातलेले हात. पाचवं: बाहुली. सहावं: कोटाचं टोपडं पुढे ओढलेला माणूस, चेहरा दिसता कामा नये. सातवं: कुणीतरी काचेआडून कुणाला तरी पाहतंय. असं करत करत बारावं: शेवटी कळतं की नायिकेला छळणारा तो दुसरा माणूस म्हणजे ती स्वतःच.

मुलं या यादीसमोर उभी राहून खुणा करत. नळाचं कलम इतक्या निष्ठेने पाळलं जाई की कॉलेजच्या प्लंबरने एकदा लेखी तक्रार केली, मी नळ घट्ट करून जातो आणि मुलं येऊन सैल करतात. बाहुली हॉवर्डच्या कपाटात असे. तिचं नाव ग्लॅडिस, डोळा एकच. तिने एक्केचाळीस चित्रपटांत काम केलं होतं, आणि अनुभवाच्या दृष्टीने तिच्या जवळ जाईल अशी नटी आख्ख्या स्टॅफर्डशायरमध्ये नसावी.

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण म्हणजे मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे आणि झेरॉक्स मशीनही ग्रंथालयातच आहे. कॉलेजात घडणारी प्रत्येक गोष्ट कधी ना कधी त्या काचेवर पालथी पडते.

दर वर्षी मेच्या अखेरीस एका सकाळी गावातलं जुनं थिएटर आम्हाला मिळतं. तिथे मुलांच्या सगळ्या सुरुवाती मोठ्या पडद्यावर दाखवतात, आणि आलेली मुलं, त्यांचे आईबाप आणि रिकामटेकडे भाऊबंद चिठ्ठ्या टाकून एक फिल्म निवडतात. गुणांशी याचा काही संबंध नसतो, गुण आधीच मंडळाकडे गेलेले असतात. बक्षीस म्हणून एक चहाची किटली. मातकट रंगाची, गलेलठ्ठ, आमच्या सिरॅमिकवाल्या मास्तरांनी स्वतः घडवलेली. जिंकलेल्या मुलांच्या शिक्षकाच्या टेबलावर ती वर्षभर राहते. ती चौदा वर्षं हॉवर्डच्या टेबलावर होती. दुसरा शिक्षकच नव्हता, हे तो सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. रोज अकरा वाजता तो त्या किटलीत चहा करी आणि बरोबर ओटची दोन धिरडी खाई, आत चीज. धिरडी शनिवारी हॅसलबाईंच्या दुकानातून डझनाने आणलेली असत.

मग मुलं वाढली, दुसरी तुकडी काढावी लागली आणि सास्किया मेलर आली.

वय सत्तावीस. इंग्लंडच्या दक्षिणेकडची, पण त्याबद्दल अपराधी वाटून घेणारी. तिच्या वर्गाच्या भिंतीवर काहीच नव्हतं. पहिल्याच दिवशी मुलांनी विचारलं, मिस, आमची यादी कुठाय? ती म्हणाली, तुम्हाला कशाकशाची भीती वाटते ते सांगा, ती यादी. एक मुलगा म्हणाला, आईच्या फोनची रिंग. त्यावर त्यांनी तीन आठवडे काम केलं. त्या मेमध्ये किटली सास्कियाकडे गेली.

हॉवर्डने स्वतः ती नेऊन दिली. धुऊन, पुसून, झाकणाला चिकटपट्टी लावून. सास्कियाला खरंच भरून आलं. पण सोमवारी तो काही कामासाठी तिच्या वर्गात गेला, तेव्हा त्या किटलीत पेनं उभी होती.

त्याने मला हे सांगितलं ते पुस्तकाची मुदत वाढवून घेताना, जणू बाहेर गार आहे असं सांगावं तसं. “पेनं,” तो म्हणाला. “आणि एक फूटपट्टी.”

मत्सर हा शब्द हॉवर्डच्या बाबतीत वापरला असता तर त्याला आश्चर्य वाटलं असतं. शहरात दोन फुटबॉल क्लब आहेत आणि तो चाळीस वर्षं कमी जिंकणाऱ्याचा भक्त आहे. दुसऱ्याचं चांगलं होताना पाहायची त्याला सवय असायला हवी होती. पण फुटबॉलमध्ये निदान मैदान वेगळं असतं. इथे वर्गांमधला बोळ एकच होता आणि तिचा वर्ग बरोबर समोर. तिच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की तो फळ्यावर लिहिता लिहिता थांबे. गळ्यात स्टॉपवॉच असायचं, मुलांची दोन मिनिटं मोजायला. मला दाट शंका आहे की त्या वर्षी त्याने ते हसणंही मोजलं. ती वर्गासाठी काही कागद झेरॉक्सला पाठवायची, तेव्हा तो माझ्याकडे येऊन सहज एक जास्तीची प्रत मागायचा. पहिल्या दोन वेळा मी दिली. तिसऱ्या वेळी विचारलं, कशाला? म्हणाला, विभागप्रमुख म्हणून लक्ष ठेवावं लागतं. ते कागद त्याने आपल्या कपाटात ग्लॅडिसच्या खाली ठेवले होते, तारीखवार.

त्याच्या बायकोने, डोरीनने, एकदा चर्चच्या गायनाच्या तालमीत मला विचारलं, ही सास्किया कोण गं? मी सांगितलं, कॉलेजातली पोरगी आहे, का? डोरीन म्हणाली, “जेवताना रोज त्याच्या बोलण्यात येते. मला वाटलं, भानगड असेल. भानगड परवडली असती. निदान तो केस तरी कापून आला असता.”

मार्चमधल्या एका दुपारी मी पुस्तकांची गाडी ढकलत त्या बोळातून चालले होते. बाहेर पाऊस होता. बोळाच्या अलीकडच्या टोकाला हॉवर्डच्याच तुकडीतला कीगन आणि त्याचे दोन मित्र कॅमेरा लावून सहाव्या कलमाची तयारी करत होते. कुणी टोपडं घालायचं यावर वाद चालला होता, कारण ज्याचा चेहरा दिसणार नाही ते काम कुणालाच नको होतं. शेवटी एकाने ते ओढून घेतलं आणि कॅमेरा सुरू झाला. पलीकडच्या टोकाला, सास्कियाच्या दाराला जी उभी काचेची पट्टी आहे तिला नाक लावून, हिरव्या पावसाळी कोटाचं टोपडं डोक्यावर तसंच ठेवून एक माणूस उभा होता. पाठीला पोक. दोन्ही हात काचेवर.

गाडीचं चाक कुरकुरलं तसा तो वळला.

“आत प्रोजेक्टर आहे का बघत होतो,” हॉवर्ड म्हणाला.

“आहे?”

“आहे.”

कॉलेजच्या प्रत्येक वर्गात सहा वर्षांपासून प्रोजेक्टर आहे. मी गाडी पुढे ढकलली.

काचेच्या आत त्या दिवशी ब्रायनी हॅसल आपली फिल्म वर्गाला दाखवत होती, हे मला नंतर कळलं. ब्रायनी म्हणजे धिरडीवाल्या हॅसलबाईंची नात. बारीक, अबोल, केसांना कायम तव्याचा वास. पहाटे आजीबरोबर दुकानात उभी राहून मग कॉलेजला येई. इतर विषयांत तिची गाडी रडतखडत चालली होती, आणि तिने आजीशी ठरवूनच टाकलं होतं: या एका विषयात ए श्रेणी आली तर दुसऱ्या वर्षाला जायचं, नाही तर सप्टेंबरपासून दुकानात पूर्ण वेळ. आजीचं यावर काही म्हणणं नव्हतं. तिला दोन्हीकडून फायदाच होता. ब्रायनीचा लेखी पेपर जेमतेम होणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे ए यायची तर फिल्मला साठांपैकी निदान अठ्ठेचाळीस हवेत. हा हिशेब सास्कियाने मांडला होता आणि हॉवर्डलाही सांगितला होता. सांगायला नको होता, असं मला वाटतं, पण ती दक्षिणेकडची. तिकडे माणसं एकमेकांना गोष्टी सांगतात.

आता पद्धत अशी की दोन तुकड्या असल्या तर दोन शिक्षकांनी एकमेकांच्या मुलांची कामं पाहायची आणि गुण जुळवून घ्यायचे. मगच ते मंडळाकडे जातात आणि मंडळाचा माणूस त्यांतली काही तपासतो. जुळलं नाही तर विभागप्रमुखाचा आकडा शेवटचा. एप्रिलच्या अखेरीस हे दोघं माझ्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसले, कारण तिथलं हीटर चालतं. मी दाराशी बसून फाटक्या पुस्तकांना पट्ट्या चिकटवत होते. मी मुद्दाम ऐकलं असं नाही. पण पट्ट्याही नेहमीपेक्षा हळू चिकटवल्या.

हॉवर्डच्या तुकडीचं काम लवकर उरकलं. कीगनच्या फिल्मला त्याने एक्केचाळीस दिले होते, सास्किया म्हणाली ठीक आहे. नळ, मोजे, ग्लॅडिस, बोळात टोपडंवाला. बारापैकी नऊ कलमं. तिथल्या छोट्या पडद्यावर ती सगळी जरा अंधारीच होती.

मग ब्रायनीची लागली. दाराच्या फटीतून मलाही दिसत होती.

सकाळचं दुकान. भरपूर उजेड. ब्रायनी तव्यावर पीठ ओतते, पसरवते, उलटते. चीज, बेकन, घडी. दोन ताटल्या, दोन काटे, कागदी रुमाल दोन. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. ती एका खुर्चीत बसून आपलं धिरडं सावकाश खाते आणि मधून मधून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मान हलवते, ऐकत असल्यासारखी. ताटली रिकामी होते. ती उठते, टेबलाला वळसा घालते, दुसऱ्या खुर्चीत बसते आणि दुसरं धिरडं खायला लागते. आता डाव्या हाताने. आधीची खुर्ची आता तिच्या समोर आहे. तिकडे पाहून ती असं काही हसते की माझ्या हातातली पट्टी माझ्याच बोटाला चिकटली. मग नाव येतं. संपलं. एकही शब्द नाही.

सास्कियाने गुणांचा तक्ता पुढे ओढला.

“चोपन्न,” सास्किया म्हणाली.

“अडतीस,” हॉवर्ड म्हणाला.

ती हसली, कारण तिला वाटलं तो थट्टा करतोय. मग हसायची थांबली. त्याने कोटाच्या खिशातून यादी काढली. प्लॅस्टिकमधलीच, भिंतीवरून उतरवून आणलेली. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की गुणतक्त्यात स्पष्ट लिहिलं आहे, प्रकाराच्या संकेतांचा योग्य वापर. इथे संकेत कुठे आहेत? नळ नाही. आरसा नाही. अंधार नाही, उलट खिडकी उघडी. यापेक्षा धिरड्याची जाहिरात जास्त भीतिदायक असते. ती म्हणाली, बारावं आहे की. तो म्हणाला, बारापैकी एक. ती म्हणाली, संकेत मोडायचे तर ते आधी पाठ असावे लागतात आणि या मुलीला ते पाठ आहेत. तो म्हणाला, ते पडद्यावर दिसत नाही.

“तुम्ही यादीला गुण देताय, हॉवर्ड,” ती शेवटी म्हणाली. “फिल्मला नाही.”

“यादी सोळा वर्षं टिकली आहे.”

“आणि तिला अठ्ठेचाळीस लागतात हे तुम्हाला माहीत आहे.”

“मला ते सांगायला नको होतं,” हॉवर्ड म्हणाला, आणि हे त्या सकाळचं त्याचं एकमेव खरं वाक्य होतं. त्याने अडतीस लिहिले आणि खाली सही केली.

सास्किया बाहेर पडताना माझ्या टेबलाशी थांबली. तिचे डोळे लाल झाले होते. तिने विचारलं, मी त्यांचं काय वाकडं केलंय? मी म्हटलं, किटलीतली पेनं काढ. तिला वाटलं, ही इकडची काहीतरी म्हण असावी.

अडतीस लिहिले खरे, पण हॉवर्डला चैन पडेना. हे पश्चात्तापामुळे असं मी म्हणणार नाही. मंडळाचा माणूस कुठल्याही मुलाचं काम मागवू शकतो. ब्रायनीचं मागवलं आणि विचारलं की अडतीस का, तर उत्तर तयार हवं. म्हणून फिल्म करताना मुलं जो ब्लॉग लिहितात, त्यात ब्रायनीची एखादी चूक सापडावी म्हणून तो दुसऱ्या दिवशी दहा वाजता ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसला. पोरीला संकेत माहीतच नव्हते, असं तिच्याच शब्दांत मिळालं म्हणजे काम झालं. तो वाचत गेला. मग वाचायचा थांबला. खुर्ची पडद्याजवळ ओढली, म्हणून मी परत आलेली पुस्तकं लावायच्या निमित्ताने मागून गेले.

पडद्यावर त्याची यादी होती. भिंतीवरच्या यादीचा फोटो आणि प्रत्येक कलमावर लाल रेघ. खाली ब्रायनीने लिहिलं होतं:

“मी ट्रांटर सरांच्या वर्गात नाही, पण त्यांची यादी दारातून दिसते. मी फोटो काढून आणला आणि दुकानात बसून एकेक कलम खोडत गेले. नळ आजीने गेल्याच महिन्यात बदलून घेतला. आरसा आमच्याकडे नाही, आजी म्हणते धिरडी भाजताना कुणी स्वतःला पाहू नये. बाहुली मला आवडत नाही. अंधार करायचा तर गिऱ्हाइकं परत जातील. असं अकरा खोडली. बारावं काही खोडता येईना. शनिवारी ट्रांटर सर धिरडी न्यायला येतात ना, तेव्हा आजी म्हणते, हा माणूस डझन नेतो, घरी दोघंच आहेत, बाकीची कोण खातं? त्यावरून मला सुचलं. यादी नसती तर मला काय खोडायचं तेच कळलं नसतं.”

हॉवर्डने हे तीनदा वाचलं. मग मान न वळवता मला म्हणाला, “बाकीची मी कॉलेजात आणतो.”

“माहीत आहे मला.”

“तिच्या आजीला सांगायला हवं.”

पुढे जे झालं त्याला मन पालटणं म्हणावं का, याबद्दल मला अजून शंका आहे. माणसाचं मन पालटलं की तो चेहऱ्यावरून जरा थकलेला दिसतो. हॉवर्ड तरतरीत झाला. त्याने सास्कियाला बोलावून आणलं, तसंच मागच्या खोलीत, तसंच हीटरपाशी. म्हणाला, मी फेरविचार केला आहे. ती खुर्ची ओढून बसली. बहुधा पन्नासाची आशा करत असावी.

“पंचावन्न,” हॉवर्ड म्हणाला.

“मी चोपन्न दिले होते.”

“हो. ते कमी होते.” त्याने जुना आकडा खोडून नवा लिहिला आणि बाजूला सही केली. “संकेत किती खोलवर मुरलेत ते तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. होतं असं. नवीन आहेस तू. ब्लॉग नीट वाचत जा.”

सास्कियाने तो ब्लॉग चार वेळा वाचला होता. तिला जे हवं होतं ते एका गुणाने जास्तच मिळालं होतं, आणि तरी ती खोलीबाहेर आली ती काही चोरीला गेल्यासारखी. त्या आठवड्यात हॉवर्डने स्टाफरूममध्ये ही गोष्ट निदान पाच जणांना सांगितली: पोरगी दाराबाहेरून यादी पाहून शिकली, आत असती तर कुठे पोचली असती. पाचव्या वेळी सास्किया तिथेच होती. तिने चहा अर्धा टाकला आणि उठली. मत्सर जागा बदलतो, एवढंच. ताटल्या तशाच राहतात.

गुण मंडळाकडे गेले. मंडळाने ब्रायनीची फिल्म मागवली आणि पंचावन्न तसेच ठेवले. हे कळलं ऑगस्टमध्ये, पण त्याआधी मे संपायचा होता.

थिएटरमध्ये त्या सकाळी दीडशे-दोनशे माणसं असतील. हॉवर्ड नवा टाय लावून आला होता, डोरीनला घेऊन, आणि केसही कापले होते. त्याला खात्री होती की किटली ब्रायनीला, म्हणजे सास्कियाला मिळणार. त्याची त्याला या वेळी फिकीर नव्हती. उलट तेच हवं होतं. टाळ्या पडल्या की उठून यादीविषयी दोन शब्द बोलायचे, असं त्याच्या खिशात लिहून तयार होतं. त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडूनच काढलेली होती.

ब्रायनीची फिल्म झाली. हॅसलबाई तेवढ्या मोठ्याने म्हणाल्या, बाई गं, बेकन करपलं. लोक हसले, टाळ्याही पडल्या, पण बेताच्या. पोरांना सकाळी अकरा वाजता धिरडं पाहून भूक लागते, भीती वाटत नाही.

मग कीगनची लागली. नळ ठिबकला. मोजे आले. ग्लॅडिस बेचाळिसाव्यांदा पडद्यावर आली आणि जुन्या मुलांनी तिला शिट्ट्या मारल्या. मग बोळ. कीगनचा मित्र टोपडं ओढून कॅमेऱ्याकडे चालत येतो. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, त्याचे बूट सगळ्यांच्या ओळखीचे होते. पण त्याच्या पाठीमागे, बोळाच्या पार टोकाला, छोट्या पडद्यावर जो नुसता काळा डाग होता, तो या पडद्यावर माणूस झाला. पाठीला पोक. टोपडं. दाराच्या काचेला नाक लावलेलं, दोन्ही हात काचेवर पसरलेले. तो हलत नव्हता. अभिनय करत नव्हता. आत जे काही होतं ते त्याला इतकं हवं होतं की चार सेकंदांत ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मग त्याने मान वळवायला सुरुवात केली आणि पडदा काळा झाला.

कुणीतरी किंचाळलं. मग बरेच जण किंचाळले.

त्याच्या गळ्यात काहीतरी लोंबत होतं, गोल, चमकणारं. बहुतेकांनी ते पाहिलं नसेल. मी पाहिलं, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या डोरीननेही पाहिलं. तिने सावकाश मान वळवून आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. हॉवर्ड पडद्याकडे पाहत होता. पडदा काळा होता तरी तो पाहतच राहिला. स्टॉपवॉच त्याने कधी शर्टाच्या आत सरकवलं ते मला दिसलं नाही.

चिठ्ठ्या मोजायचीही गरज नव्हती. किटली कीगनला, म्हणजे ट्रांटर सरांना. सास्किया टाळ्या वाजवत त्याच्याकडे वळून म्हणाली, “तो काचेजवळचा माणूस कुठून आणलात? मला तर घाम फुटला.”

“असेल कुणी,” हॉवर्ड म्हणाला. “मुलं आणतात.”

मंचावर त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने खिशात हात घातला, कागद तिथेच ठेवला आणि म्हणाला, श्रेय मुलांचं आहे. लोकांना हे फार आवडलं. कीगनने माईक घेऊन सांगितलं की तो माणूस आम्हाला आपोआप मिळाला, कोण होता ठाऊक नाही, पण भेटला तर त्याला पुढच्या वर्षी पण घेऊ.

किटली परत अकराच्या चहाला लागली. पेनं आणि फूटपट्टी हॉवर्डने एका पाकिटात घालून सास्कियाला परत केली, मोजून. ऑगस्टमध्ये ब्रायनीला ए मिळाली आणि हॅसलबाईंनी दुकानात पाटी लावली, नात शिकते आहे, सकाळी थोडा वेळ लागेल. शनिवारी हॉवर्ड गेला तेव्हा ब्रायनीने डझन बांधून दिली. त्याने बाकीची कोण खातं ते सविस्तर समजावून सांगितलं. ब्रायनीने ऐकून घेतलं, मान हलवली आणि आजीकडे पाहून हसली. त्याच हसण्याने, असं हॉवर्डचं म्हणणं. तो डावखुरा आहे की काय असं त्या दिवशी तिने विचारलं, हेही त्यानेच मला सांगितलं.

सप्टेंबरमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा सास्कियाच्या दाराच्या काचेवर काळा कागद चिकटवलेला होता. तिला वाटलं, प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून इमारतवाल्यांनी लावला असेल. तसं असतं तर त्यांनी तो आतून लावला असता. हा बाहेरून होता, बोळाच्या बाजूने, जिथे उभं राहून माणूस आत पाहू शकतो. चारी बाजूंनी पट्टी मारलेली, अगदी नीट. ती पट्टी हॉवर्डने माझ्याच टेबलावरून नेली होती.

महिनाभर तो कागद तसाच होता. मग आत ब्रायनीचा वर्ग सुरू असताना एकदा मी गाडी घेऊन त्या बोळातून गेले. आतून हसण्याचा आवाज येत होता. कागदाचा एक कोपरा सुटला होता, बोटभर. उंची साधारण हॉवर्डच्या डोळ्यांची. मी थांबले, कोपरा दाबून बसवला आणि गाडी पुढे ढकलली. परतताना पाहिलं, तर पुन्हा सुटला होता.